शिडीवरची गुडमार

दि. ९ मार्च

चि. भाऊजी यांस,

अनेक आशीर्वाद. इकडे मी ठीक आहे. तुम्ही सगळे तिकडे बरे असाल, असं पुढे लिहायची सवय आहे, पण तुम्ही बरे नाही हे तुमच्याच कार्डावर लिहिलंय. तेव्हा ते वाक्य राहू दे.

कार्ड सोमवारी आलं. पोस्टमन पायरीवरूनच ओरडला, "बाई, आज चक्क हाताने लिहिलेलं आलंय!" अक्षर लांबूनच ओळखलं. औषधाच्या बाटलीवर लिहावं तसं बारीक, उभं, आणि शब्द मोजून. सहा वर्षांनी चार ओळी. आधी उभ्याने वाचल्या, मग बसून वाचल्या, मग चष्मा पुसून वाचल्या. चारच्या पाच होत नाहीत.

"वहिनी, तपासणीत साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या मी घेणार नाही. कारण तुम्हाला माहीत आहे. दादांच्या वेलीची पानं पाठवता आली तर पाठवा."

सहा वर्षांनी का होईना, वहिनी म्हणालात. आधी तेवढंच दिसलं.

आपलं झाडपाल्याचं दुकान चालू आहे. रोज सकाळी चार तास उघडते. वरच्या दोन रांगांतल्या खणांना माझा हात पुरत नाही, म्हणून तिथली औषधं खाली आणली आणि वरचे खण रिकामे ठेवलेत. नवं गिऱ्हाईक आलं की रिकाम्या खणांकडे बघूनच जास्त दबतं. त्याला वाटतं, तिथे काहीतरी फार जालीम असणार. समोरचा शिंपी गेला, त्याच्या जागी घड्याळं दुरुस्त करणारा आलाय. आपल्या रिकाम्या बरण्या नेतो आणि त्यांत स्क्रू भरतो. तुमच्या दादांचा चष्मा अजून तराजूच्या ताटलीत असतो. वजन करायचं झालं की उचलून बाजूला ठेवते, झालं की परत ठेवते. लेक मागे आली होती तेव्हा म्हणाली, "आई, खोक्यात घालून ठेव ना." म्हटलं, "तुझ्या वाटेत येतो का?" तिने खोकं परत माळ्यावर ठेवलं.

वाचन चालू आहे. लायब्ररीवाल्या बाई मला दोनाऐवजी तीन पुस्तकं देतात आणि वर म्हणतात, कुणाला सांगू नका. चौथीत शाळा सुटलेली बाई मी; खरं वाचायला शिकले ते ह्यांनी खणांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरून. लोकांची मुलं फुलाफळांची नावं वाचत शिकतात, मी अनंतमूळ आणि मंजिष्ठा वाचत शिकले. पहिला जोडाक्षरांचा शब्द काष्ठौषधी. तुम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होतात आणि माझ्या मागे उभं राहून चुका काढायचात.

वेल आहे. मागच्या भिंतीला लोखंडी शिडी लावून ह्यांनी रंग द्यायला घेतला होता, आठवतं? रविवारपुरतं काम थांबलं ते थांबलंच, आणि पुढच्या पावसात गुडमार सात पायऱ्या चढून गेली. "आता हिला उतरवायचं कसं?" म्हणाले, आणि दुसरी शिडी घेऊन आले. भिंत अजून निम्मी रंगवायची आहे.

कालपासून मला तुमचे ते गणिताचे मास्तर सारखे आठवताहेत. तुमची तक्रार घेऊन आले होते. तुम्ही साळसूदपणे वेलीचं पान पुढे केलंत, "सर, जेवणानंतर चावायचं, पाचक आहे." त्यांनी चावलं. मी चहा दिला. घोट घेतला आणि म्हणाले, "वहिनी, साखर राहिली वाटतं." मी दोन चमचे घातले. परत घोट, परत तोंड वाकडं. आणखी दोन. शेवटी म्हणाले, "घरात साखर संपली असेल तर तसं सांगा, त्यात लाज कसली!" आणि तुमचे दादा खण उघडून त्यात तोंड घालून हसताहेत. गुडमार चावली की पुढे पाऊण तास जिभेला गोड कळतच नाही, साखर खाल्ली तर वाळू लागते, हे त्या गृहस्थांना कुणी सांगावं! तुमची तक्रार मात्र राहूनच गेली.

तर पानांचं. या वेळी वेल फार छाटलीय, हिरवी पानं हाताशी नाहीत. वाळलेली थोडी पुडीत बांधून पाठवते आहे. गोळ्यांचं डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारून बघा. मी काय सांगणार? बारा वर्षं इंग्रजी औषधांच्या दुकानात काउंटरमागे तुम्ही उभे होतात, मी नाही. "कारण तुम्हाला माहीत आहे" असं लिहिलंत. त्यावर सवडीने लिहीन.

जाऊबाईंना आशीर्वाद. पायात चप्पल घालत जा, घरातसुद्धा.

तुमची,
वहिनी


दि. ३० मार्च

चि. भाऊजी यांस,

आशीर्वाद. कार्ड मिळालं. रागावून लिहिलंत तरी ओळ सरळ.

"वहिनी, ही गुडमार नव्हे. चावली, वर साखर खाल्ली, गोडच लागली. नजर गेली का खणांच्या चिठ्ठ्या बदलल्या?"

नजर शाबूत आहे आणि चिठ्ठ्याही जागेवर आहेत. कुंपणावरच्या जाईची पानं वाळवून भरली होती. चुकून नाही. मला वाटलं, तुम्ही महिनाभर खाल, गुण येणार नाही, आणि वैतागून डॉक्टरांकडे जाल. या घरात पान आधी जिभेवर ठेवतात आणि मग पुडीत बांधतात, हे मीच विसरले. इतक्या वर्षांत या दुकानातून खोटा माल गेला नव्हता. पहिली पुडी गेली ती घरच्या माणसाला. हे असते तर चार दिवस माझ्याशी बोलले नसते. आणि पाचव्या दिवशी हसले असते, तेही खरं.

जाऊबाईंचा फोन येऊन गेला. पायाच्या बोटाची जखम तीन आठवडे ओली आहे म्हणाल्या. वहिनीला कळवू नकोस, असं तुम्ही बजावलं होतंत म्हणे. मी म्हटलं, "मग कळवलंत कसं?" तर म्हणाल्या, "त्यांना काय जातंय सांगायला? ते भिंतीशी बोलतात. मला माणसाशी बोलावं लागतं." तुम्हाला बायको चांगली मिळालीय, मी तेव्हाच सांगितलं होतं.

भाऊजी, ओल्या जखमेवर आणि वाढलेल्या साखरेवर नुसता पाला पुरणार नाही. मी हे पाल्याच्या दुकानात बसून लिहिते आहे, म्हणून तरी ऐका. दुकानात येणाऱ्यांनाही मी आता पहिलं विचारते, डॉक्टरांना दाखवलं का? नसेल दाखवलं तर पुडी बांधत नाही. दोघीतिघी चिडून गेल्या, परत आल्या नाहीत.

आणि एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. तुमचे दादा पानं खात होते. डॉक्टरांकडे नेण्याच्या आदल्या दिवशीच तुम्ही त्यांना म्हणाला होतात, "आता पाला कशाला चघळताय, दादा, गरज नाही त्याची." ते हो म्हणाले होते. पण सोडला नव्हता. शेवटपर्यंत खात होते. हे सांगायचं कारण इतकंच, की पानावर त्यांचा एवढा जीव, तरी नुसत्या पानाने त्यांचं भागलं नव्हतं. म्हणूनच तर तुम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतंत.

यापुढचं आज लिहवत नाही. दुकानात गिऱ्हाईक आलंय. खरं तर आलेलं नाही, पण उठते.

वहिनी


दि. ११ एप्रिल

भाऊजी,

परवा जाऊबाईंचा पुन्हा फोन आला. माझं पत्र तुम्ही त्यांना दाखवलंत आणि म्हणालात, "बघ, वहिनींनीच लिहून दिलंय. नुसती पानं खात होते तोवर दादा चालते-बोलते होते. माझ्या गोळ्या सुरू झाल्या आणि आठ महिन्यांत गेले." बाजारात कुणी गुडमार विकणारा शोधून काढलात, सकाळ-संध्याकाळ मूठभर खाता, आणि गोळ्यांचं पाकीट कपाटावर फेकलंत. बोट काळं पडायला लागलंय असंही त्या म्हणाल्या. फोनवर रडत होत्या.

मी अर्धं खरं लिहिलं आणि तुम्ही त्याचं पुरतं खोटं करून घेतलंत. दोष तुमचा नाही. अर्धंच दिलं तर माणूस उरलेलं आपल्या दुःखाने भरून काढतो. आज सगळं लिहिते. फोनवर सांगून बघणार होते, पण तुम्ही हॅलो म्हणाल आणि मी हवापाण्याच्या गोष्टी करीन, हे मला माहीत आहे.

आधी डॉक्टरांच्या खोलीतलं. तुम्ही आम्हा दोघांना घेऊन गेला होतात. ह्यांचं वजन उतरलं होतं, तहान भागत नव्हती, तुम्ही हट्टच धरलात. डॉक्टरांनी गोळ्या लिहिताना विचारलं, "याशिवाय दुसरं काही घेता का?" हे म्हणाले, "चहा." डॉक्टर हसले, तुम्ही हसलात, मीही हसले. घरून निघताना ह्यांनी वेलीवरची पाच पानं माझ्यासमोर तोडून खाल्ली होती. मी तरीही हसले. परत येताना रस्त्यात म्हणाले, "धाकट्याला सांगू नकोस. उगाच त्याला वाटेल, दादाचा त्याच्यावर विश्वास नाही. गोळी घेतो की मी. वेल आपली आहे, गोळी त्याची आहे, दोन्ही घरचंच."

मला ते पटलं होतं. नुसतं पटलं नव्हतं, गोड वाटलं होतं. पुढचे आठ महिने पानं मीच तोडून देत होते, कारण त्यांचे गुडघे धरले होते आणि खालच्या पायऱ्यांवरची पानं संपली होती. शिडीच्या दोन पायऱ्या चढून मी तोडायची आणि ते खालून सांगायचे, "कोवळी नको, जून बघ."

आता तो मंगळवार.

त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या पोटात बरं नव्हतं. दुपारी जेवायला बसले आणि दोन घासांवर उठले. गोळी मात्र घेतली, कारण सकाळीच तुम्ही फोन करून विचारलं होतंत, "दादा, गोळी चुकत नाही ना?" गोळीवर मी पानं दिली. म्हणाले, "आज जेवलो नाही, पाच नको, सात दे, म्हणजे पोट ठिकाणावर येईल." दिली. दुकानात जाऊन बसले. अर्ध्या तासाने बघते तर एकच पुडी तीन-तीनदा तोलताहेत आणि कपाळावरून घामाच्या धारा.

तुम्ही शिकवून ठेवलं होतंत. स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून, बोटं मोजत: "वहिनी, घाम आला, हात थरथरले, असंबद्ध बोलायला लागले, तर विचारत बसू नका. आधी साखर तोंडात, मग मला फोन." मला शब्द न् शब्द पाठ होता. धावत साखरेचा डबा आणला आणि चमचाभर त्यांच्या तोंडात घातली.

त्यांनी थुंकून टाकली. म्हणाले, "वाळू काय घालतेस तोंडात?"

मी पुन्हा घातली. त्यांनी माझा हात झटकला. उभ्या जन्मात त्यांनी माझा हात कधी झटकला नव्हता. मी डब्यातली चिमूट माझ्या जिभेवर ठेवून बघितली. गोड होती. मला वाटलं, दमलेत, पोट बिघडलंय, त्रागा करताहेत. म्हटलं, "बरं, राहू दे. जरा पडा आत." ते आतल्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर आडवे झाले. ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून मी पडदा ओढला. तुम्हाला फोन केला नाही. म्हटलं, धाकटा कामात असेल, झोपून उठले की करू. बाहेर एक बाई मुलाच्या खोकल्याचं औषध घ्यायला आल्या होत्या, त्यांना पुडी बांधून दिली. त्यांच्या मुलाची सगळी हकिकत ऐकून घेतली. सव्वा तास गेला. मग चहा घेऊन उठवायला गेले.

वीस-बावीस वर्षं, भाऊजी, आल्या-गेल्याला त्या पानाची गंमत दाखवण्यात गेली. पान चावायला द्यायचं, मग साखर द्यायची, आणि तोंड बघून हसायचं. आणि त्या दुपारी माझ्या नवऱ्याने त्याच पानावर साखर थुंकली तेव्हा मला ते सुचलं नाही. त्यांच्या जिभेला खरंच वाळू लागत होती. ते खरं बोलत होते आणि मी त्यांना त्रागा करताहेत म्हटलं. जिभेला गोड न कळलं म्हणून काय झालं? साखर पोटात गेली असती तर तिने तिचं काम केलंच असतं. पाण्यात कालवून, धाक दाखवून, हातापाया पडून, कशीही पाजायला हवी होती. ओरडून घड्याळवाल्याला, म्हणजे तेव्हाच्या शिंप्याला, बोलवायला हवं होतं. मी पडदा ओढला.

दवाखान्यात सांगितलं की साखर फारच उतरली होती. ते ऐकून वन्सं आल्या त्या तडक बाहेरच्या खोलीत, तुम्ही खणांना टेकून उभे होतात तिथे. चार माणसांदेखत म्हणाल्या, "तुझ्या गोळ्यांनी माझा भाऊ नेला. परक्यांना विकतोस ते कमी पडलं, म्हणून घरात आणलंस?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काय हवं होतं तुम्हाला? वहिनीने एवढंच म्हणावं, की नाही हो वन्सं, तसं नाही झालं. मी खाली बघितलं. माझ्या नखांत पानांचा हिरवा डाग होता अजून. मी मुठी मिटून घेतल्या.

तुम्ही त्यानंतर या पायरीवर आला नाहीत. महिन्याभरात औषधाचं दुकान सोडलंत आणि गावही. बारा वर्षांत ज्याच्या हातून एक चिठ्ठी चुकीची वाचली गेली नाही, तो माणूस आता गोदामात पेट्यांवर आकडे टाकतो. हे जाऊबाईंकडून कळलं तेव्हा मी दोन दिवस दुकान उघडलं नाही.

तोवर मला वाटत होतं, की पानाचा त्यात काय संबंध? पान तर ते जन्मभर खात आलेले. वर्षभराने लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक हाती लागलं, औषधी वनस्पतींचं. गुडमार आपली म्हणून कौतुकाने ते पान उघडलं. शेवटी दोन ओळी होत्या. या पानाने साखर उतरते. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर प्रमाणाबाहेर उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. मी पुस्तकात बोट घालून बसून राहिले. लायब्ररीवाल्या बाईंनी कुलूप हातात घेतलं आणि विचारलं, "एवढं काय सापडलं हो?" मी म्हटलं, "काही नाही, डोळे दुखताहेत."

त्याला पाच वर्षं झाली.

तुम्ही विचाराल, पाच वर्षांत एक पत्र लिहवलं नाही? पहिली काही वर्षं मी स्वतःला सांगत होते, की ह्यांना शब्द दिला होता, धाकट्याला सांगणार नाही म्हणून. मेलेल्या माणसाच्या शब्दामागे लपायला फार सोपं असतं. मग म्हणायला लागले, आता सांगून कोण परत येणार आहे? पण खरं कारण वेगळंच आहे आणि ते लहान आहे. वन्सं दर रविवारी येतात. माझा हात हातात घेऊन बसतात आणि तुम्हाला बोल लावून रडतात. रडून झालं की त्यांना बरं वाटतं आणि मला सोबत होते. मी खरं बोलले असते तर तो हात गेला असता. तुम्ही तर गेलाच होतात. म्हणून मी तुम्हाला गेलेलंच राहू दिलं आणि त्यांना ठेवलं.

लिहून झालं. वाटलं होतं त्याहून कमी ओळींत झालं.

आता नीट ऐका. गोळीने तुमच्या दादांना मारलं नाही. पानानेही मारलं नाही. वेल मी तोडलेली नाही, छाटलीय असं लिहिलं तेही खोटंच होतं, ती शिडी ओलांडून कौलांवर गेलीय. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना पान ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं. दोन्ही ठाऊक असलेली माणसं घरात दोनच होती. त्यातलं एक थट्टेखोर होतं आणि एक गप्प. तुमचं प्रमाण चुकलं नव्हतं. तुमची गोळी चुकली नव्हती. साखर तोंडात घाला आणि मला फोन करा, हेही तुम्ही बरोबर सांगितलं होतंत.

हे सगळं वन्संनाही लिहिलंय. त्यांचं पत्र आज सकाळी पेटीत टाकून आले आणि मग तुमचं लिहायला बसले. उलट केलं असतं तर तुम्ही फोन करून म्हणाला असता, "असू द्या वहिनी, आता या वयात त्यांना कशाला?" आणि मी ते मोठ्या आनंदाने ऐकलं असतं. परवा रविवार आहे. त्या येतील की नाही, ते बघायचं.

तुमच्याकडून मला माफी नको. मिळाली तर मी ती घेऊन पुन्हा गप्प बसेन, माझा काही भरवसा नाही. मला तुमचं बोट हवंय, पाय हवाय, तुम्ही हवे आहात. कपाटावरचं पाकीट खाली काढा, पण आज घरच्या घरी गोळी घेऊ नका. तुमच्या पोटात बाजारातला पाला आहे आणि तो किती कसाचा, कुणाला ठाऊक! उद्याच्या उद्या जाऊबाईंना घेऊन डॉक्टरांकडे जा. बोट दाखवा. त्यांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा, की इतके दिवस, इतकी पानं, सकाळ-संध्याकाळ. लाज वाटली तर पानं वहिनीने शिकवली म्हणून सांगा. ते सांगतील ते घ्या आणि ते थांबवतील ते थांबवा. तुमच्या हट्टाला एवढी वर्षं माझ्या गप्प बसण्याचा आधार होता. तो आज मी काढून घेतला, तेव्हा हट्टही सोडा.

पत्र पोचायला दोन दिवस, डॉक्टरांकडे एक दिवस, तपासणीचा कागद हातात यायला एक. बुधवारी दुपारी बारा वाजता मी दुकानातल्या फोनजवळ बसते. गिऱ्हाईक आलं तरी उठणार नाही. शिव्या द्यायच्या असतील तर पोटभर द्या, मी फोन ठेवणार नाही. पण आधी साखर किती निघाली तो आकडा सांगा, आणि मग शिव्या द्या.

आकड्याची वाट बघणारी,
वहिनी